खुंटावरची फांदी

सुदामा नगरातल्या त्या घरात निर्णय घ्यायचं खातं पहिल्यापासून लक्ष्मीकांतरावांकडे होतं. पडद्यांचा रंग, मुलीची शाळा, सहलीला उज्जैन की मांडू, सगळं तेच ठरवायचे, आणि पद्मजाबाई "बरं" म्हणायच्या. त्यांचं ते "बरं" इतकं सहज यायचं, की त्यामागे काही असेल अशी शंका लक्ष्मीकांतरावांना कधी शिवली नाही. सिंचन खात्यातला माणूस. पाणी कुठून कुठं न्यायचं हे आपणच ठरवायचं असतं, पाण्याला काय विचारायचं?

पद्मजाबाईंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मात्र हे खातं त्यांना जड झालं. उजवा हात गेला, जीभ जड झाली आणि गिळणं बिघडलं. इस्पितळात घोटभर पाण्याचा ठसका लागून त्या निळ्या पडल्या होत्या, ते लक्ष्मीकांतरावांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून घरात मिक्सर बंद झाला नाही. वरण, भाजी, पोळी, सगळं एकाच रंगाचं होऊन वाटीत यायचं.

आणि सीताफळ तर बंदच. मागच्या अंगणात त्यांचं सीताफळाचं झाड होतं, बियांतून आपसूक उगवलेलं. फळं लहान, गर बेताचा, बिया मूठभर. पण पद्मजाबाईंचा जीव त्यावर. दसऱ्यानंतर दुपारी मागच्या पायरीवर बसून त्या फळ फोडायच्या आणि अर्धा तास एकच फळ खायच्या. गर कमी आणि उद्योगच जास्त, असं लक्ष्मीकांतराव हसून म्हणायचे. झटक्यानंतरच्या पहिल्या हंगामात त्यांनी बिया काढून गर घोटून दिला. बाईंनी एक चमचा घेतला आणि मान फिरवली.

"शिरा," त्या म्हणाल्या. एवढा एकच शब्द, तोही वाकडा. लक्ष्मीकांतरावांना तो फार लागला.

मग ते कामाला लागले. रात्रंदिवस मोबाइलवर सीताफळाच्या जातींचं वाचन. बाळानगर गोड, पण बिया आहेतच. गोल्डन दिसायला देखणं. अर्का सहान मात्र गरानं भरलेलं, बिया अगदी थोड्या. ठरलं. त्यांचा जुना सहकारी देवेंद्र हातोदजवळ बाग करत होता. माघात तो कलमाच्या काड्या घेऊन आला. जुनं झाड कमरेएवढं राखून वरून कापलं, उरलेल्या खुंटावर नवीन कलमं बांधली.

"भिया, एक ध्यानात ठेवायचं," देवेंद्र त्याच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला. "कलमाच्या खालून जे फुटेल ते जुन्या झाडाचं. दिसलं की नोचून टाकायचं. दया केली, तो समझो खालचं वरच्याला खाऊन टाकेल."

वाकायला लक्ष्मीकांतरावांचे गुडघे तयार नव्हते. ते काम त्यांनी गंगूबाईंवर सोपवलं. घरकाम करून त्या दर रविवारी बुंध्याशी बसायच्या आणि कोवळी फूट खुडायच्या. पद्मजाबाई मागच्या खोलीच्या खिडकीतून बघत असायच्या.

कलमं धरली. बाईही हळूहळू सुधारल्या. बोलणं सरळ झालं, हात कपापर्यंत पोचायला लागला. गिळण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या नीरजा मॅडम एकदा जाताना म्हणाल्या, "काका, आता त्यांना नेहमीचं जेवू द्या. अगदी बियांचं फळसुद्धा माझ्यासमोर खाऊन दाखवलंय त्यांनी. फक्त ताठ बसून आणि सावकाश." लक्ष्मीकांतरावांनी मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा मिक्सर लावला. भीती माणसाला किती बहिरं करते, हे त्यांना तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

या वर्षी ऑक्टोबरात कलमावर पहिली फळं धरली. मोठी, गोल, डोळे उघडायला लागलेली. एक उतरवून लक्ष्मीकांतरावांनी तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवलं आणि त्याच हुरूपात मागच्या खोलीच्या खिडकीबाहेरचा, दोन-तीन वर्षं न हललेला कूलर काढायला माणूस बोलावला. कूलर हलला आणि मागे मनगटाएवढी जाड फांदी दिसली. थेट बुंध्यातून, कलमाच्या कितीतरी खालून निघालेली, खिडकीच्या गजांपर्यंत वाकलेली. तिच्यावर लहान, खडबडीत सीताफळं लगडली होती.

"गंगूबाई, हे काय आहे?"

गंगूबाईंनी खिडकीकडे पाहिलं. लक्ष्मीकांतराव करवत आणायला वळले, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"तोडू नका. मी ठेवायला सांगितली."

"पद्मा, अगं ही जुनी जात आहे. नुसत्या बिया. तुझ्यासाठी सगळा खटाटोप केला मी."

"माझ्यासाठी. हो." त्या थांबत थांबत बोलत होत्या. "झाड कापायच्या आधी मला विचारलं होतं?"

"तुला तेव्हा बोलता कुठं येत होतं?"

"मान हलवता येत होती."

कूलरवाला उगाच पाना पुसत उभा राहिला. करवत आणायची राहून गेली.

दोन दिवसांनी जेवणाच्या टेबलावर दोन पिकलेली फळं होती. एक अर्का सहान, दुसरं खिडकीतलं. लक्ष्मीकांतरावांनी मोठं पुढे सरकवलं. बाईंनी ते बाजूला केलं आणि लहान फळ डाव्या हातानं फोडलं.

"मला मऊ खायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला सीताफळ खायचं होतं. ते तुम्ही खा, बिनबियांचं. तुमच्याच्यानं एवढा उद्योग होत नाही."

त्या ताठ बसल्या आणि एक पाकळी तोंडात घातली. गाल हलू लागला. हनुवटीखाली धरायला लक्ष्मीकांतरावांचा हात आपोआप पुढे गेला. बाईंनी तो डाव्या हातानं खाली ठेवला आणि खातच राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग ओठांतून काळी, स्वच्छ बी आली आणि ताटलीत टणकन पडली. पाठोपाठ दुसरी. बाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की लक्ष्मीकांतरावांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"पद्मा," ते डोळे पुसत म्हणाले, "दोन्ही फांद्या एका झाडाला पेलायच्या नाहीत. देवेंद्र म्हणतो, एक काढावी लागेल. कोणती ठेवायची?"

संसाराच्या इतक्या वर्षांत असा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. पद्मजाबाईंच्या तोंडात पुढची पाकळी होती. त्यांनी हातानं थांबायची खूण केली. लक्ष्मीकांतराव थांबले.