चार सेकंद पुढे कोण?

मी एक जुनी पाटी आहे. मित्रांनो, पाटी म्हटल्यावर तुम्ही खडू शोधू लागाल, म्हणून आधीच सांगते, मी शाळेतली नाही. मी मोटारींच्या शर्यतीतली पाटी आहे. गाडी भन्नाट वेगाने समोरून जाते तेव्हा चालवणाऱ्याला क्षणभर दिसावी म्हणून मला ट्रॅकशेजारच्या भिंतीवरून बाहेर धरतात. आमच्या लहान शर्यतींत कानात रेडिओ लावायची परवानगी नव्हती. दुसरी गाडी किती सेकंदांवर आहे आणि किती फेऱ्या उरल्या आहेत, हे त्याला माझ्याकडे बघूनच कळायचे.

मला गॅरेजमधल्या मिस्त्रीने घडवले. रंगाच्या दुकानाचा टाकून दिलेला फलक त्याने कापला. माझ्या पाठीवर अजूनही 'टिकाऊ व चकचकीत' एवढी अक्षरे दिसतात. पुढच्या बाजूला त्याने काळा रंग दिला, आकडे अडकवायला खिळे ठोकले आणि कडेला पत्र्याचा एक लाल बाण बसवला. हा बाण एका स्क्रूवर फिरायचा. बाण वर असला की आकडा पुढच्या गाडीचा. वर बाण आणि शेजारी चार, म्हणजे कोणीतरी चार सेकंद पुढे आहे, गाठ त्याला. पुढे कोणी उरलेच नाही, तर बाण खाली करून मागच्या गाडीचे अंतर दाखवायचे. म्हणजे, तू पहिला आहेस, आता जपून ये.

मला धरायची ती ताई. ती कपडे शिवायची आणि शर्यतीच्या दिवशीही तिच्या गळ्यात टेप असायची. मापात अर्ध्या बोटाची चूक तिला खपायची नाही. गाडी चालवायचा तिचा धाकटा भाऊ. ती त्याला धाकटा म्हणायची, म्हणून सगळे गॅरेज धाकटा म्हणायचे. पुढे त्याची चाळिशी उलटली, कानाशेजारी केस पिकले, तरी तो धाकटाच राहिला.

आता खरी गोची सांगते. धाकटा चांगला होता की नव्हता, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. ओल्या ट्रॅकवर तो चालवू लागला की दुसऱ्या गॅरेजमधली माणसे हातातले काम टाकून बघायला यायची. आमची गाडी जुनी होती. बाराव्या जागेवरून निघून तो पाचव्या फेरीला तिसरा असायचा. चौदा वर्षांत एकशे बासष्ट शर्यती झाल्या आणि त्यांतल्या एकतीस शर्यतींत तो दुसरा आला. जिंकला मात्र एकही नाही. कधी टायर फुटला, कधी गिअर अडकला, कधी सगळे नीट होते आणि दुसरा कोणी त्या दिवशी जास्त चांगला होता. मी आकडे दाखवणारी पाटी. हे आकडे मी कितीदा तरी मनात उलटसुलट लावून पाहिले. कधी वाटते, एवढा मोठा चालक मी पाहिला नाही. कधी वाटते, मग एखादी तरी जिंकायला काय हरकत होती? माझे डोके चालेनासे होते.

या सगळ्या वर्षांत माझा बाण वरच राहिला. धाकटा कधी पुढे गेलाच नाही असे नाही, पण एखाददुसऱ्या फेरीपुरता. ताई स्क्रूला हात लावेपर्यंत तो पुन्हा दुसरा झालेला असायचा. नवव्या वर्षी मिस्त्रीने मला हौसेने नवा रंग दिला, चांगले दोन हात. बाणाला दिला, स्क्रूलाही दिला. मी आरशात पाहण्यासारखी झाले. बाण जागच्या जागी चिकटला आहे, हे मलाही कळले नाही. कळणार कसे? त्याला फिरवतच कोणी नव्हते.

अकराव्या वर्षी ती शर्यत आली. तीन फेऱ्या उरल्या होत्या, धाकटा दुसरा होता. पहिल्या गाडीतून धूर येऊ लागला आणि ती वळणाआडून चाके बदलायच्या जागेत शिरली ती तिथेच बंद पडली. धाकटा मागच्या वळणात होता, त्याला हे दिसले नाही. आता पहिला तोच होता आणि मागची गाडी चार सेकंदांवर होती. ताईने चारचा आकडा अडकवला आणि बाण खाली करू लागली. बाण हलेना. तिने नखाने रंग खरवडला, कात्रीचे टोक घातले. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. रिकामे हात दिसले तर तो घाबरेल असे वाटून तिने मला तसेच बाहेर धरले. त्याला समजेल, असेही तिला वाटले असावे.

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. वर बाण, शेजारी चार. आणि त्याने गाडी अशी काही पिटाळली की मी घाबरले. मिस्त्री पाना घेऊन धावत आला. दोघांनी मिळून बाण खाली वळवला, तेव्हा धाकट्याची गाडी शेवटच्या वळणावर वाळूत रुतलेली होती.

"ब्रेक उशिरा लागला. चूक माझी," एवढेच त्याने सगळ्यांना सांगितले. ताईलाही तेच सांगितले. वर्तमानपत्राने लिहिले, हाव नडली. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी माझा स्क्रू घासून, तेल देऊन मोकळा केला. त्यानंतर तीन वर्षे तिघे एकाच गॅरेजमध्ये चहा प्यायले, शर्यतींना गेले, पण हा विषय कोणी काढला नाही. मित्रांनो, माणसे इतकी गप्प कशी राहू शकतात? मला पाटी असूनही हे जमले नसते.

मग धाकट्याने शर्यती थांबवल्या. शर्यतीच्या शाळेत शिक्षकाची एक जागा निघाली होती आणि ती त्याला जीव तोडून हवी होती. ती नाही मिळाली, तर मेहुण्यांच्या फर्निचरच्या दुकानातला टेम्पो होताच. अर्ज पाहून शाळेचे तिघे जण एका सकाळी गॅरेजमध्ये आले. त्यांच्या प्रमुखांनी तीन चषक जिंकलेले होते, म्हणून मिस्त्री त्यांना पाठीमागे चषकवाले म्हणायचा.

चषकवाल्यांनी कागद चाळले. "एकशे बासष्ट शर्यती. जिंकलात किती?"

"एकही नाही," धाकटा म्हणाला.

"आणि एक हातात आली होती, ती घाईने वाळूत घातलीत. मग मुलांना शिकवणार काय?"

"ब्रेक वेळेवर मारायला."

ताईने मला भिंतीवरून काढले आणि त्यांच्या कागदांवर आणून ठेवले.

"त्याने घाई केली नाही," ती म्हणाली. "तो पुढे होता आणि मी त्याला मागे दाखवलं. हा बाण फिरला नाही, तरी मी पाटी धरली. चूक माझी आहे."

"रंग मी दिला होता, ताई," मिस्त्री म्हणाला. "तुमचं काही नाही त्यात."

"अहो, स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं?" धाकटा म्हणाला.

तीन वर्षे कोणी तोंड उघडले नव्हते आणि आता चूक आपल्याकडे ओढायची चढाओढ लागली. मला तर वाटत होते, चूक माझीच.

चषकवाल्यांनी माझा बाण वरखाली फिरवून पाहिला. मग धाकट्याला विचारले, "सरळ रस्त्यावर पुढे गाडी दिसत नव्हती ना?"

"नव्हती."

"मग कोणाच्या मागे लागला होता?"

"ताईने दाखवलं म्हणजे असणारच. मला वाटलं, माझीच नजर कमी पडतेय."

"मी तर आमच्या पाटीवाल्याचं कधी ऐकलंच नाही," चषकवाले हळूच म्हणाले. कौतुक केले की नाही, ते मला समजले नाही. 'कळवतो' म्हणून तिघे निघून गेले.

ते गेल्यावर ताई स्टुलावर बसली. "पाटी चुकली होती, हे तुला नंतर कळलं होतं. तीन वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू पाटी सोडली असतीस," धाकटा म्हणाला. "मग मी बघायचं कोणाकडे?"

ताई रडली. मिस्त्री उगाच दारामागे जाऊन पाने पुसत बसला.

आठ दिवसांनी पत्र आले. सोबत धाकट्याच्या अर्जाची प्रत होती. तिच्यावर विजय या शब्दापुढे शून्य लिहिले होते आणि त्याखाली, चषकवाल्यांच्याच अक्षरात, 'लगेच घ्यावे'. या दोन ओळी एकाच कागदावर कशा बसल्या, याचा मी अजून विचार करते आहे.

मित्रांनो, आता मी त्या शाळेत असते. माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही, माझे बरे चालले आहे. एकच मागणे आहे. तुमच्या घरात, वर्गात नेहमी दुसरे येणारे कोणी असेल, तर ते ज्या दिवशी पुढे असेल त्या दिवशी त्याला तसे स्पष्ट सांगा. त्याला आपोआप कळत नाही. समोरचा रस्ता पूर्ण मोकळा असला, तरी ते कोणाच्या तरी मागे धावत राहते.