बदकाचा डोळा

थोरल्या बहिणीला जाऊन वर्ष झालं, तसं धाकटीने तिचं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन विकायला काढलं. तिची डिझाइनं मात्र टाकवेनात. म्हणून ती एकेक फाइल वर्डमध्ये उतरवून घेत होती. कोणता रंग, किती टाके, सगळं वाचता येईल, हवं तर बदलता येईल असं.

"टाके काय वाचायचे? कादंबरी आहे का ती?" नवऱ्याने टोमणा मारलाच.

शेवटची फाइल बदकाची. धाकटीच्या लेकीच्या फ्रॉकसाठी थोरलीने करायला घेतलेलं ते डिझाइन. डोळा राहिला आणि ती दवाखान्यात गेली, ती गेलीच. काल वर्डमध्ये शेवटची ओळ होती, 'पिवळा, तीनशे बारा टाके'. आज तिच्याखाली आणखी एक होती, 'काळा, नऊ टाके'.

डोळ्याचे टाके! आणि फाइलला तर धाकटीशिवाय कुणी हात लावला नव्हता.

डिझाइन पुरं झालं की थोरली फाइलच्या शेवटी मशीनला 'दोरा काप' अशी आज्ञा द्यायची. ती अजून दिलेली नव्हती. धाकटीने ती टाइप करायला बोटं टेकवली, आणि उचलून घेतली.

"ताई, तुझं झालं की तूच काप हो," ती हलकेच म्हणाली, आणि मशीन विकायचं नाही असं कळवायला गिऱ्हाइकाला फोन लावला.