दारावरचे खडूचे आकडे

मित्रांनो, माझ्या दारावरचे आकडे गेले हे सोमनाथ बायकोच्या तेराव्यानंतर कामावर आला त्या दिवशी कळलं. डेअरीच्या प्रयोगशाळेतल्या मनाली मॅडमनी एका बरणीतली पावडर कोमट पाण्यात टाकली आणि पेला त्याच्यासमोर धरला.

"सोमनाथभाऊ, विरघळली बघा. एक गाठ नाही. आकडे काय होते?"

"दारावर आहेत. थांबा."

तो माझ्यापाशी आला आणि उभाच राहिला. दार लख्ख होतं.

मी एक जुना ड्रायर आहे. दुधाची पावडर करतो. नाशिकला अंबडच्या एका वर्कशॉपात माझे पत्रे जोडले आणि सटाणा रस्त्यावरच्या या डेअरीत मला उभं केलं. वरून गरम हवा येते, दुधाचा बारीक फवारा उडतो, आणि खाली पोचेपर्यंत त्याची पावडर होते. वीस वर्षं मी हेच केलं. मग मोठं यंत्र आलं आणि माझ्या अंगाला रिकाम्या गोण्या टेकल्या.

त्या गोण्या चंद्रभागाबाईंनी हलवल्या. त्या डेअरीच्या प्रयोगशाळेत होत्या, आणि सोमनाथची बायको. साधं दूध ज्यांना पचत नाही अशा पोरांसाठी त्यांना पावडर करायची होती. त्या दुधातली साखर आधीच फोडलेली असते. असं दूध फार चिकट. हवा जास्त तापली तर पावडर माझ्या भिंतीला काकवीसारखी बसते, करपते, पेटूही शकते. कमी तापली तर ओली राहते. मधली जागा अगदी थोडी.

गरम हवेचं बटण सोमनाथकडे असायचं. दुधाचा पंप बाईंकडे. पंप कमीजास्त करून बाहेर पडणारी हवा किती गरम ठेवायची ते त्या ठरवत.

"अहो, घाई करू नका. हा भाकरीचा तवा नाही."

"मग तूच फिरव बटण."

"फिरवीन की. मग तुम्ही काय, पगारापुरते का?"

चाचणी चालू असताना त्या बोटाच्या पेराने मला ठोकायच्या. आवाज मोकळा आला तर भिंत स्वच्छ. बद्द आला की पंप बंद. आकडे दारावर खडूने लिहायच्या. पावडर विरघळल्याशिवाय आकडा वहीत चढवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. शेवटच्या चाचणीला मी पूर्ण वेळ मोकळा वाजलो. ती बरणी भरली, दारावर आकडे लिहिले, आणि त्याच संध्याकाळी त्यांना ताप भरला.

खंडेनवमीला त्या दवाखान्यात होत्या. पूजेसाठी यंत्रं धुवायची होती. त्यांचं यंत्र कुणी दुसऱ्याने धुवावं हे सोमनाथला पटलं नाही. त्याने मला स्वतः घासलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. चार दिवसांनी बाई गेल्या.

मला आकडे वाचता येत नाहीत, मित्रांनो. खडू कुठे कुठे फिरला तेवढं आठवतं.

मालकांनी तीन टाक्या दूध दिलं आहे. तेवढ्यात जमलं नाही तर हे काम बंद आणि मी भंगारात. गरम हवेचा आकडा सोमनाथला पाठ होता, एकशे साठ अंश. बाहेर पडणाऱ्या हवेचा नव्हता.

पहिल्या टाकीला त्याने ती ऐंशीवर ठेवली. दहा मिनिटं मी मोकळा वाजलो. मग बद्द. त्याने पुन्हा ठोकलं, कान लावला. आतून करपट वास आला.

"भाऊ, बंद करा," मनाली मॅडम म्हणाल्या.

"जरा थांबा."

"भाऊ, पेटेल ते."

त्याने बंद केलं. आत तपकिरी थर होता. तो त्याने एकट्याने खरवडला. दुसऱ्या टाकीला सत्तरवर ठेवली. पावडर ओली पडली, हातात गोळा झाली.

आता तो प्रत्येक आकडा आधी वहीत लिहितो, मग दारावर. मित्रांनो, कुणाचंही यंत्र पुसायच्या आधी त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा. माया म्हणून पुसलं तरी जातं ते जातंच.

एक टाकी उरली आहे. आकडा सत्तर आणि ऐंशीच्या मध्ये कुठेतरी आहे. तो अजून सापडलेला नाही.