भुवया

हिरवा दिवा लागला आणि काचेच्या खोलीतल्या ठकीनं लगेच बटण दाबलं.

“शाब्बास!” बाहेर उभा असलेला तिचा बाप पुटपुटला.

सात वर्षांची पोर, डोक्याएवढे हेडफोन लावून आत बसली होती. तिच्या कानात आवाज सोडला की बाहेरच्या यंत्रावर, तिला दिसणार नाही असा, दिवा लागायचा, आणि ऐकू आलं की तिनं बटण दाबायचं. ऐकू कमी येत असेल तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून बापाचा जीव टांगणीला लागला होता.

पुन्हा दिवा. पुन्हा बटण. एकही चुकलं नाही. उगाच घाबरवतात लोक, त्याच्या मनात आलं.

तपासणाऱ्या बाईंनी मात्र हात थांबवला. त्या ठकीकडे बघत होत्या, आणि ठकी बापाकडे.

“तुम्ही जरा त्या कपाटामागे उभे राहा बरं.”

“का हो? मी काही बोललो का?”

“बोलला नाहीत. पण दिवा लागला की तुमच्या भुवया वर जातात. ती त्या बघून बटण दाबतेय.”

 कपाटाआडून त्यानं डोकावून पाहिलं. दिवा लागला, विझला. परत लागला. ठकी बटणावर बोट ठेवून नुसती त्याला शोधत होती.

डॉक्टरांनी आपल्या खोलीत तपासणीचा कागद पाहिला.

“कानांच्या दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय. नाक चोंदतं का हिचं? शिंका?”

“बारा महिने.”

“ॲलर्जी असेल, तर तिचाही कानाशी संबंध असू शकतो. नक्की नाही सांगत, तपासावं लागेल. आसपास धूळ फार असते का?”

त्यानं आपल्या शर्टाला चिकटलेल्या कापसाकडे, धुळीकडे पाहिलं. जुने सोफे उसवून पुन्हा भरायचे, हा त्याचा धंदा. शाळा सुटली की ठकी दुकानात येऊन उपसलेल्या कापसाच्या ढिगावर झोपायची. राजाच्या पोरीला तरी मिळते का अशी गादी, असं तो गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा.

बाहेर बाकावर बसवलेली ठकी त्याला बघताच धावली, नेहमीसारखं त्याच्या शर्टात नाक खुपसायला. त्यानं हात आडवा धरला. तिचा चेहरा पडला. पाठ फिरवून ती जिना उतरू लागली.

“अगं, रागावलो नाही मी!”

जिन्यातली दोन माणसं वळून बघू लागली. ठकी वळली नाही.

तो धडाधड उतरून तिच्या पुढे गेला, खालच्या पायरीवर गुडघे टेकले आणि तेच पुन्हा तिच्या समोर तोंड करून सावकाश म्हणाला.

ठकीनं आधी त्याच्या भुवयांकडे पाहिलं.