पडवीतली मुडी

"मुडी कुठं हाय गो, तेजू?"

वाडीतले दत्तारामकाका रिकामी पिशवी घेऊन पडवीत उभे होते. उद्या अप्पांचं, माझ्या वडिलांचं, तेरावं.

"गिरणीत नेली, काका. उद्याला तांदूळ कमी पडत होता. मीच विनीतला सांगितलं."

"भरडली? समदी?"

"हो."

"मला काय आयडिया?" मुंबईहून आलेला माझा चुलतभाऊ विनीत म्हणाला. "ताई बोलली, मी नेली. पोलादपूरपर्यंत बाईकवर. पाठ गेली माझी."

"तुझी पाठ येईल रे परत," काका म्हणाले आणि पायरीवर बसले.

पेंढ्यात आवळलेल्या त्या मुडीत बियाणं होतं. आमच्या कुडपणच्या वाऱ्यात न लोळणारं लाल भात. अप्पा उभ्या शेतातून लोंब्या निवडून ते राखत. पेरणीआधी वाडीतल्या अकरा घरांना एकेक पायली देत. कापणीनंतर प्रत्येक घर तेवढं परत आणून टाकी आणि उरलेलं खाई. "भागोजीकडं हाय," म्हणत अप्पांच्या भरवशावर कुणीच घरात बी ठेवत नसे.

बियाणं चुलीवर धुरात टांगलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण वाटायची वेळ आली म्हणून अप्पांनी ते पडवीत उतरवून ठेवलं होतं. मला ते खायचं भात वाटलं. आई आत पडून होती. तिला उठवलं नाही.

मी महाडला कॉलेजात ग्रंथपाल आहे. बर्फाच्या डोंगरात पोखरलेल्या बियाण्यांच्या कोठाराविषयी मी एकदा अप्पांना वाचून दाखवलं होतं. "बरफात? मग पेरतात कवा?" त्यांनी विचारलं होतं.

आई उठून बाहेर आली. तिने पोत्यातला तांदूळ सुपात ओतला.

"गिरणीत समदं सोलून निघत नाय. बस हितं."

आम्ही तांदळातून न सोललेले दाणे वेचू लागलो. शेजारच्या प्रयागबाई आल्या, मागून आणखी दोघी.

"एरवी कोंबडीला टाकायचं," प्रयागबाई म्हणाल्या, "आज सोन्यावानी शोधताव."

बोटं चालत होती.

दिवस कलला तेव्हा चहाचा कप अर्धा भरला होता. आईने ते दाणे अप्पांच्या टॉवेलच्या टोकाला बांधले.

"अकरा घरांना पुरायला किती वर्षं लागतील?" मी विचारलं.

"आदी एक वाफा बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंगतीत भात मीच वाढला. लालसर, मऊ. मुडीतला दाणा अप्पांनी कधी खाल्ला नव्हता. "पोटाला रेशनचं, जमिनीला आपलं," म्हणायचे.

पंगत उठली. दत्तारामकाका बसूनच होते. पत्रावळीच्या कडेला त्यांनी एक दाणा वेगळा काढून ठेवला होता, टरफलासकट.

"शिजलाय तो, काका."

"ठाव हाय गो."

त्यांनी दाणा धोतराला पुसला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.