पन्नास फिल्स घेऊन जा

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवली. आज माझं ऐका, कारण मला राग आला आहे.

चाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या हमदुल्लाभाईंनी मला विकत घेतलं आणि शारजात, रोल्लातल्या आपल्या चिमुकल्या दुकानात काउंटरवर ठेवलं. ते जुन्या कॅसेट विकतात. पण आधी माझ्यावर दोन्ही बाजू वाजवून दाखवायच्या, मगच पैसे घ्यायचे, ही त्यांची रीत.

मध्यंतरी कोटवाला एक सल्लागार आला. "चाचा, पाच टक्के व्हॅट लावत नाही? मोठा फाइन बसेल!" तीनशे दिरहम घेऊन, व्हॅटची पाटी चिकटवून गेला. दुकान व्हॅटसाठी रजिस्टर आहे का, एवढंही त्यानं विचारलं नाही.

भाई घाबरले. दहा दिरहमच्या कॅसेटचे साडेदहा घेऊ लागले. वरचे पन्नास फिल्स सरकारचे म्हणून वेगळ्या डब्यात. चहाला सुटे नसले तरी त्या डब्याला हात लावला नाही.

मग दुबई मरीनातून रेयांश नावाचा तरुण आला. पाटी वाचून हसला. "अंकल, टॅक्स नंबर कुठाय? लोकांना बनवताय काय?"

भाईंचा हात माझ्या बटणावरच राहिला. मला ओरडायचं होतं, पण आत कॅसेटच नव्हती.

नात माहनूरनं मोबाइलवर नियम वाचला. "नाना, यू आर टू स्मॉल! आपला सेल व्हॅटच्या लिमिटच्या खूप खाली आहे. रजिस्टर्ड नाही, तर व्हॅट घ्यायचाच नाही."

"म्हणजे मी लोकांचे पैसे खाल्ले?"

"इट्स हाफ अ दिरहम, नाना!"

"बारा रुपये होतात, बेटा."

पाटी त्यांनी नखांनी खरवडून काढली. आता ओळखीचं गिऱ्हाईक आलं, की आधी त्याच्या हातावर डब्यातलं नाणं ठेवतात. लोक म्हणतात, "खलास, झालं गेलं, हमदुल्लाभाई! त्यापेक्षा चहा पाजा." भाई हसत नाहीत.

त्या कोटवाल्याला ते शिवीही देत नाहीत. म्हणून मी विचारतो: म्हाताऱ्याला घाबरवायला तुला वेळ होता, एक साधा प्रश्न विचारायला नव्हता?

माझा पट्टा सैल झालाय, गाणी रेंगाळत म्हणतो. भाईंनाही गावी परत जायचंय. पण डब्यात अजून अकरा नाणी आहेत. ती दिल्याशिवाय ते दुकान बंद करणार नाहीत.

तुम्ही इथून साडेदहाला कॅसेट नेली असेल, तर या. काही विकत घेऊ नका. फक्त तुमचे पन्नास फिल्स घेऊन जा. दार वाजलं, की भाई मला थांबवतात आणि कोण आलं ते बघतात.