अध्यक्षाच्या खुर्चीचा पाय

"मास्तर, तुमी पुस्तकं वाचा. लाकडात तोंड घालू नका," ऑरिन म्हणाला. त्यानं नवी खुर्ची उलटी केली आणि चारही पायांवरून तळहात फिरवला.

मी एवढंच विचारलं होतं, की जुन्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, मग हिचं काय करायचं? गावसभेच्या अध्यक्षाची ती जुनी खुर्ची. गेल्या मार्चच्या सभेत वेंडेल प्रुइट मागं रेलला आणि तिची पाठ उभी चिरली. गावानं ऑरिनला हुबेहूब तशीच दुसरी करायला सांगितली. जुन्या धर्तीच्या खुर्च्या करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या डोंगरात कुणी नाही.

हिवाळाभर तो तिच्यामागं होता. ओकच्या काड्या हातानं तासल्या, पाठीची कमान वाफवून वाकवली, काळपट हिरव्या रंगाचे हात दिले. दोन्ही खुर्च्या शेजारी ठेवल्या तर त्याची सख्खी बहीण थिर्झाही फसली असती. फक्त नवीचे चारी पाय सारखे होते, आणि बैठक मांड्यांना धरून कोरलेली.

"गावानं हुबेहूब म्हटलंय, म्हणून विचारलं," मी म्हणालो.

"चूक बी हुबेहूब करू? मी काय माकड हाय? कुणा अडाण्यानं पाय कापला आसंल, त्याचं पाप मी माझ्या लाकडात कशाला घालू?"

मला पटलं. मला समोरच्याचं नेहमीच पटतं.

सभेच्या दिवशी रस्त्यात गुडघाभर चिखल आणि कडेला करडा बर्फ. मी टिपणं लिहायला नेहमीसारखा अध्यक्षाशेजारी बसलो. वेंडेल खुर्चीत टेकला, जरा सरकला, मग पाय लांब करून त्यानं डोळे मिटले.

"ऑरिन, लेका, उठूच नये असं वाटतंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑरिनचे कान लाल झाले.

आणि वेंडेल खरंच तसा बसला. दरवर्षी तो या कुशीवरून त्या कुशीवर होत "आटपा, आटपा" म्हणायचा. यंदा म्हणाला, "बोल बाबा, मन मोकळं कर. घाई कुणाला हाय?" दफनभूमीच्या कुंपणाला पांढरा रंग की हिरवा, यातच सकाळ सरत आली.

घाई थिर्झाला होती. नदीवरच्या पुलाच्या फळ्या कुजल्या होत्या. दुधाच्या गाडीवाल्यानं सांगून टाकलं होतं, की नवा पूल झाला नाही तर उन्हाळ्यापासून पलीकडच्या गोठ्यांवर गाडी येणार नाही. थिर्झाचा गोठा पलीकडेच. पुलाचा विषय यादीत शेवटी. अलीकडच्यांना कर वाढायला नको होता, आणि पलीकडच्यांना चारच्या आत धारा काढायला घरी जावं लागणार. ते गेले की पुलाची मतंही गेली.

थिर्झा उठून म्हणाली, "अध्यक्ष, पुलाचा विषय आदी घ्या."

"सूचना चांगली हाय," वेंडेल म्हणाला. "यावर कुणाकुणाला बोलायचंय?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावरच बोलणं झालं, आणि सूचना पडली.

घेवड्याचं ताट घेऊन मी थिर्झाजवळ गेलो. "मला वाटतं, म्हणजे मी चुकतही असेन, पण आपली सभा लवकर संपायची ती जुन्या खुर्चीच्या आखूड पायामुळं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि सरळ भावासमोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ. गाडीतली करवत आण."

"कशाला?"

"तुझ्या खुर्चीचा पाय काप."

ऑरिनचा सफरचंदाच्या केकचा घास हातातच राहिला. "थिर्झे, गाईनं डोक्यात लाथ मारली का काय?"

"दूध वतून द्यायची पाळी आली की मीच तुला घालीन एक."

"माझ्या हातनं आजवर डुगडुगती वस्तू गेली न्हाय."

"म्हाईत हाय की. आईची शवपेटी केलीस तवा बी घटकाघटकाला लेव्हल लावून बघत हुतास. ती काय तक्रार करनार हुती?"

"गिऱ्हाइकांना कळलं तर?"

"गिऱ्हाइकं बोस्टनात हायत. गाई हितं हायत."

ऑरिननं खिडकीतून नदीवरच्या पुलाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, वेंडेलला बोलण्यात गुतवा."

समोरून ओळखीचा माणूस आला तर मी रस्ता बदलतो. पण त्या दिवशी वेंडेलला गाठून मी त्याच्या मधमाश्यांची चौकशी केली. पुढं मला काही करावं लागलं नाही. मागच्या खोलीतून करवतीचा आवाज आला, थांबला. मग बराच वेळ काचकागद घासल्याचा. बिघडवतानाही त्याला कड खरबरीत ठेववेना.

सुट्टीनंतर वेंडेल बसला. टक. तो डावीकडे झुकला. टक. कागदाची घडी पायाखाली सारली, ती निसटली.

"मुद्द्याचं बोला," तो शाळेच्या छपराविषयी बोलणाऱ्याला म्हणाला. "झालं? हात वर करा. फुडचं."

पुलाचा विषय आला तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती आणि पलीकडचे सगळे जागेवर होते. ठराव थोडक्या मतांनी झाला, पण झाला. थिर्झानं रुमालात तोंड घालून जोरात नाक शिंकरलं.

वेंडेल कंबर धरून उठला. "ऑरिन, सकाळी खुर्ची झ्याक हुती. आता ह्यो पाय आखूड वाटतोय. घरला ने, नीट करून आण."

ऑरिनचा चेहरा उजळला. तो खुर्ची उचलायला निघालासुद्धा.

"अध्यक्ष, माजी एक सूचना हाय," थिर्झा म्हणाली. "खुर्ची हाय तशी ऱ्हाऊ द्यायची. कुणी हात लावायचा न्हाय."

तिला लगेच अनुमोदन मिळालं. वेंडेलनं यावर कुणाला बोलायचंय असं विचारलंही नाही. घरी लवकर जायला अलीकडच्यांनाही आवडतं, त्यामुळे सगळ्या सभागृहाचे हात वर झाले.

"इरोधात कोन?"

ऑरिननं एकट्यानं हात वर केला. त्याच्या बाहीला लाकडाचा भुसा लागलेला होता. विरोधात एक, असं मी टिपणात लिहिलं. भुशाचं लिहिलं नाही.